भत्त्याचा समुद्र, शिक्षेचा समुद्र

माटुंगा म्हटले की आज पाच बागा आठवतात, इडली-डोशाची हॉटेले आठवतात, रुईया, पोदार, व्हीजेटीआय आणि रेल्वेचे वर्कशॉप आठवते. हे सगळे माटुंगे विसाव्या शतकातले. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग शिरला, १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि त्या ट्रस्टने दादर-माटुंग्याचे रुंद, आखीव रस्ते पाडले. त्याआधीचे माटुंगे म्हणजे शेते, ताडामाडाच्या वाड्या, थोडी वस्ती. आणि एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत तोफा. मुंबई इलाख्याच्या तोफखान्याची छावणी इथे होती. किल्ल्यातल्या गर्दीपासून दूर, बेटाच्या उत्तर अंगाला गोलंदाज, खलाशी, भिस्ती, मोतद्दार असा सगळा लवाजमा राहत असे. पुढे तोफखान्याचे मुख्य ठाणे अहमदनगरला गेले आणि माटुंग्याने लष्करी पोशाख उतरवला.

अशा छावण्यांतून मुंबईचा शिपाई दोन रीतींनी समुद्रावर जात असे. एक रीत मोहिमेची. खांद्यावर बंदूक, पगारावर भत्ता, जिंकून आला तर पदक आणि वर्षे भरली की पेन्शन. दुसरी रीत शिक्षेची. पायात बेडी, हातात काही नाही. बंदर तेच, खारे पाणी तेच, कित्येकदा जहाजाचा मालकही तोच. पहिल्या रीतीने गेलेल्यांची नावे पलटणींच्या इतिहासात आहेत. दुसऱ्या रीतीने गेलेल्यांची नावे कैद्यांच्या याद्यांत राहिली.

ही शिक्षा फक्त काळ्या शिपायासाठी होती असेही नाही. हिंदुस्थानातल्या गोऱ्या पलटणींतला टॉमीने अधिकाऱ्यावर हात उगारला किंवा तो पळून गेला तर कोर्ट मार्शल त्याला ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्सला धाडू शके. इंग्लंडहून हिंदुस्थानात आणलेला माणूस हिंदुस्थानातून आणखी पुढे ढकलला जाई. हिंदी शिपायाची गोष्ट मात्र अधिक गुंतागुंतीची आहे, कारण त्याच्या बाबतीत समुद्राला धर्मशास्त्र चिकटवले गेले.

समुद्राचे भय कोणाला?

शाळेच्या पुस्तकात एक वाक्य ठरलेले असते: समुद्र ओलांडला की धर्म बुडतो, म्हणून शिपाई बिथरले. वाक्य खोटे नाही, पण अर्धेच आहे. मुंबई इलाख्याच्या फौजेकडे पाहिले की उरलेला अर्धा भाग दिसतो. जानेवारी १८३९ मध्ये एडन घेतले ते मुंबईहून गेलेल्या फौजेने. १८५६-५७ मध्ये इराणी आखातात बुशहर घेऊन खुशाबला लढली तीही मुंबईहून गेलेलीच फौज. १८६८ मध्ये रॉबर्ट नेपियर अ‍ॅबिसिनियावर चालून गेला, तेव्हा मुंबई बंदरातून शिपाई, खेचरे आणि हत्तीसुद्धा जहाजांवर चढले. कोकणातला मराठा, घाटावरचा माणूस, अवधकडून पोटासाठी आलेला परदेशी, मुसलमान, ज्यू असे सगळे या पलटणींत होते. समुद्रावर जायचे म्हणून त्यांनी दरवेळी बंड केले नाही.

बंगालची फौज याहून वेगळी. तिथे ब्राह्मण-राजपूत शिपायांचा भरणा मोठा आणि समुद्रसफरीची अट बहुतेक पलटणींना नव्हती. १८२४ मध्ये बराकपूरला ४७ व्या पलटणीने ब्रह्मदेशाच्या मोहिमेवर निघायचे नाकारले. त्या भांडणात समुद्राची धास्ती होतीच, पण सामान वाहायला बैल कोणी पुरवायचे हा अगदी व्यवहारी प्रश्नही होता. उत्तर तोफांनी मिळाले आणि शिपायांचा म्होरक्या बिंदी तिवारी फासावर गेला. वीस वर्षांनी, १८४४ मध्ये, ३४ व्या पलटणीने सिंधला जायचे नाकारले. सिंधच्या वाटेवर काही महासागर आडवा येत नव्हता. अडचण अशी झाली होती की १८४३ मध्ये सिंध कंपनीच्या राज्यात सामील झाला, म्हणून तो ‘परमुलूख’ राहिला नाही, म्हणून परमुलखाचा जादा भत्ताही बंद. मुलूख जिंकून दिला आणि बक्षीस म्हणून भत्ता गेला. पलटण मोडून टाकण्यात आली. १८५६ मध्ये कायदाच झाला की बंगाल फौजेत यापुढे भरती होणाऱ्याने समुद्रापार जाण्याची शपथ घेतलीच पाहिजे.

शिपायाच्या हिशेबात तीन रकाने होते. आपण गेल्यावर घरचे काय खातील, जास्तीचे काय मिळेल, आणि परत कधी येऊ. कंपनीच्या पायदळातल्या शिपायाचा पगार महिन्याला ७ रुपये असताना भत्ता ही चैन नव्हती. हे तीन रकाने भरलेले असले की मुंबईचा शिपाई एडनला जाई, इराणला जाई. काळ्या पाण्याच्या शिक्षेत तिन्ही रकाने एकदम कोरे होत.

मरीन लाइन्सचे शिपाई

पश्चिम रेल्वेच्या मरीन लाइन्स स्टेशनचे नाव ज्या ‘लाइन्स’वरून पडले त्या मरीन बटालियन या पलटणीच्या बराकींच्या रांगा होत्या. ही पलटण १७७७ मध्ये उभी राहिली. तिचे कामच मुळी कंपनीच्या लढाऊ जहाजांवर शिपाई पुरवण्याचे. आखातात चाचे पकडायचे असोत की बंदरावर उतरायचे असो, मरीन बटालियनची माणसे जहाजावर असत. समुद्र म्हणजे धर्मसंकट, ही कल्पना या माणसांपुढे मांडली असती तर त्यांनी हसून पुढच्या फेरीची तारीख विचारली असती.

आणि १८५७ मध्ये मुंबईत जो कट उघडकीस आला त्यात हेच शिपाई होते.

त्या वर्षी मुंबईच्या शिबंदीत तीन हिंदी पलटणी होत्या: दहावी, अकरावी आणि मरीन बटालियन. त्यांच्यासमोर गोरे सैनिक जेमतेम चारशे. गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन, लष्कराचा प्रमुख ब्रिगेडियर शॉर्ट आणि शहराच्या पोलिसांचा खरा कर्ताधर्ता चार्ल्स फॉर्जेट. फॉर्जेट हिंदुस्थानात जन्मलेला, सावळ्या वर्णाचा, देशी भाषा सफाईने बोलणारा. वेष बदलून बाजारात हिंडायचा आणि चार लोक जमून उत्तरेकडच्या उठावाच्या बातम्या चघळत असतील तर तिथेच त्यांना पकडायचा. पोलिसांच्या आवारात त्याने फाशीचा खांब उभा केला होता आणि शहरातल्या संशयितांना बोलावून तो दाखवला होता. ताडदेवच्या बाजूला त्याच्या नावाचा रस्ता आजही आहे, आणि टॅक्सीवाल्याला ‘फॉर्जेट स्ट्रीट’ सांगितले की तो बरोबर नेतो.

मोहरमच्या दिवसांत ठिणगी पडता पडता राहिली. दहाव्या पलटणीतल्या एका ख्रिस्ती ढोलवाल्याने दारूच्या नशेत हिंदूंच्या मिरवणुकीत धिंगाणा घातला, पोलिसांनी त्याला धरले आणि शिपाई त्याला सोडवायला बराकींतून बाहेर पडले. फॉर्जेट मोजक्या गोऱ्या पोलिसांसह घोड्यावरून थेट त्यांच्या अंगावर गेला. गोरे अधिकारी तलवारी उपसून आपल्याच शिपायांना थोपवत होते. त्या रात्री निभावले. पण फॉर्जेटला कळून चुकले की शहरातल्या लोकांवर नजर ठेवून भागणार नाही, धोका बराकींत आहे.

सोनापुरात गंगाप्रसाद नावाच्या माणसाच्या घरी शिपाई जमत असत. सोनापूर मरीन लाइन्सला अगदी लागून. बराकीतून चालत निघाले की काही मिनिटांत तिथे पोहोचता येई. फॉर्जेटने गंगाप्रसादला रातोरात उचलून दरडावले आणि बोलते केले. मग तो स्वतः त्या घरात शेजारच्या खोलीत लपून बसू लागला. भिंतीला भोके पाडून घेतली होती. त्यातून दिसे, ऐकूही येई. लष्करी अधिकारी विश्वास ठेवीनात, म्हणून मरीन बटालियनचा कमांडर मेजर बॅरो यालाच त्याने सोबत नेले. बॅरोने भोकातून पाहिले तर समोर त्याचीच माणसे बसलेली. बेत होता दिवाळीचा. सारे शहर रोषणाईत गुंतलेले असताना उठायचे, लूट करायची आणि मुंबई सोडून घाटावर निघायचे. हा तपशील फॉर्जेटचा आहे. त्याने पुढे इंग्लंडात जाऊन पुस्तक लिहिले, त्यात तो येतो, आणि त्या पुस्तकात फॉर्जेटच्या हुशारीला कुठेही कमी पडू दिलेले नाही, हे लक्षात ठेवूनच तो वाचावा लागतो.

कोर्ट मार्शल झाले. मरीन बटालियनचा ड्रिल हवालदार सय्यद हुसेन आणि दहाव्या पलटणीचा शिपाई मंगल गडिया यांना १५ ऑक्टोबर १८५७ रोजी एस्प्लनेडवर, म्हणजे आजच्या आझाद मैदानाच्या परिसरात, तोफेच्या तोंडी देण्यात आले. दिवाळी तोंडावर आली होती. तिन्ही हिंदी पलटणींना ते पाहायला उभे केले होते. कटातल्या इतर काहींना जन्मभर काळे पाणी झाले.

सय्यद हुसेन आणि मंगल गडिया यांची नावे मुंबईच्या इतिहासात आहेत. त्यांच्याबरोबरच्या ज्यांना मरण मिळाले नाही, ते मात्र आठवणीतूनही हद्दपार झाले. देहदंड मैदानावर होतो आणि हजारो लोक पाहतात. हद्दपारी बंदराच्या धक्क्यावर होते आणि ती पाहायला पहारेकऱ्यांपलीकडे कोणी नसते.

यादीतला माणूस

काळा घोड्याला एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत राज्याचे पुराभिलेखागार आहे. तिथल्या न्यायखात्याच्या बाडांत एकोणिसाव्या शतकातले कैदी आहेत. सरकारला कैदी हरवू द्यायचा नव्हता, म्हणून त्याने कैद्याचे वर्णन जितक्या बारकाईने लिहिले तितके कुठल्या सुभेदाराचेही लिहिले नाही. नाव, बापाचे नाव, जात, वय, उंची, अंगावरच्या खुणा, गुन्हा, शिक्षा, मुदत. तलवारीचा वण, देवीचे व्रण, गोंदण, तुटका दात. छायाचित्र नसलेल्या काळात कातडी हीच ओळखपत्राची जागा घेई.

शिपाई कैदी झाला की बटणे, पट्टा आणि नंबर आधी जात. पाठोपाठ थकलेला पगार, पेन्शन, पलटणीतली ओळख जाई. पलटणीत एकेका गावची, एकेका घराण्याची माणसे असत. भाऊ, चुलतभाऊ, मेहुणा एकाच कंपनीत. त्यामुळे शिक्षा एकाला झाली तरी तिची बातमी गावात पोहोचवणारे तिथेच उभे असत. बायको सुवासिनी राहायची की नाही, हा प्रश्न घरच्यांपुढे येई आणि त्याला सरकारी उत्तर नसे. जन्मठेपेचा कैदी कायद्याने जिवंत होता. गावच्या लेखी तो जिवंत की मेलेला, हे गावानेच ठरवायचे.

मुंबईहून जाणारा रस्ता बहुधा ठाण्याच्या तुरुंगातून जाई. हा तुरुंग ठाण्याच्या जुन्या किल्ल्यातच केलेला. लांबच्या मुलखांतले कैदीही इथे आणून ठेवले जात आणि जहाज मिळाले की पुढे पाठवले जात. अंबाला खटल्यात शिक्षा झालेले मौलवी मुहम्मद जाफर थानेसरी शिपाई नव्हते, पण पंजाबच्या कैद्यांचा हा प्रवास त्यांनी स्वतः लिहून ठेवला आहे. मुलतान, मग सिंधू नदीने खाली कराची, तिथून समुद्रमार्गे मुंबई, ठाण्याचा तुरुंग, पुन्हा जहाज. डिसेंबर १८६५ मध्ये मुंबई सोडून ते ११ जानेवारी १८६६ रोजी पोर्ट ब्लेअरला उतरले. महिन्याहून अधिक काळ जहाजाच्या पोटात. १९११ मध्ये सावरकरांनाही अंदमानात नेण्यापूर्वी ठाण्याच्याच तुरुंगात ठेवले होते. मधल्या पंचेचाळीस वर्षांत जहाजे बदलली, शिडांची जागा वाफेने घेतली, तुरुंग तोच राहिला.

कैद्यांची अदलाबदल

अंदमान हे काळ्या पाण्याचे शेवटचे ठिकाण. त्याआधीची ठिकाणे आपल्या स्मरणातून जवळपास गेलीच आहेत.

१८१५ मध्ये मॉरिशसचा गव्हर्नर रॉबर्ट फार्कर याने रस्ते बांधायला हिंदुस्थानातून कैदी मागवले. बंगाल आणि मुंबई या दोन इलाख्यांतून १८३७ पर्यंत सुमारे दीड हजार माणसे तिकडे गेली. चार्ल्स डार्विन १८३६ मध्ये ‘बीगल’वरून मॉरिशसला उतरला, तेव्हा त्याला रस्त्यावर काम करणारे हे हिंदी कैदी दिसले. पांढरीशुभ्र दाढी, सावळा चेहरा आणि ताठ चाल पाहून तो थक्क झाला. हिंदुस्थानी माणूस इतका रुबाबदार असतो याची त्याला कल्पना नव्हती, असे त्याने लिहिले. आज मॉरिशसच्या मराठी मंडळींचे गणेशोत्सव आपल्या वर्तमानपत्रांत येतात. त्या मंडळींचे पूर्वज १८३४ नंतर गिरमिटिया मजूर म्हणून गेले. त्यांच्या बैलगाड्या ज्या रस्त्यांवरून उसाच्या मळ्यांत गेल्या, त्यांपैकी कित्येक रस्ते आधी आलेल्या कैद्यांनी फोडलेले होते.

सिंगापूर, पिनांग, मलाक्का इथेही कैदी जात. सिंगापूरचे सेंट अँड्र्यूज कॅथेड्रल हिंदी कैद्यांच्या हातचे. आज जिथे सिंगापूरचे राष्ट्राध्यक्ष पाहुण्यांचे स्वागत करतात तो ‘इस्ताना’ राजवाडाही त्यांचाच. गवंडी, सुतार, लोहार, विटा भाजणारे सगळे कैदी, आणि त्यांच्यावर पहाराही कैद्यांचाच. १८५७ नंतर तिथले गोरे व्यापारी ओरडू लागले की बंडखोर शिपाई आमच्या गावात नकोत. चोर-दरोडेखोर चालत होते. बंदूक चालवता येणारा कैदी मात्र नको होता.

ही वाहतूक एकतर्फी नव्हती. त्याच काळात पूर्वेकडचे चिनी आणि मलायी कैदी मुंबई इलाख्यात येत होते आणि त्यांतले बरेच महाबळेश्वरला ठेवले होते. तिथे त्यांच्यासाठी तुरुंग बांधला होता. घाटातले रस्ते त्यांनी केले, बटाटे आणि विलायती भाज्या पिकवल्या, वेताच्या टोपल्या विणल्या. १८६४ मध्ये तो तुरुंग बंद झाला. मुंबईच्या कैद्याने सिंगापूर बांधायचे आणि सिंगापूरच्या कैद्याने महाबळेश्वर, असा हा हिशेब. परक्या मुलखातला कैदी पळून जाणार कुठे? त्याला ना भाषा येते ना वाट ठाऊक. स्वस्त मजूर आणि पक्के कुंपण एकाच खर्चात.

टापूवरचे शिपाई

१८५७ नंतर प्रश्न संख्येचा झाला. हजारो बंडखोर शिपाई, तुरुंग फुटलेले, सिंगापूर नाही म्हणते. सरकारने डॉ. मोआट यांची समिती अंदमानला पाठवली आणि आग्र्याच्या तुरुंगाचा अनुभवी अधिकारी जेम्स पॅटिसन वॉकर १० मार्च १८५८ रोजी ‘सेमिरामिस’ या आगबोटीतून २०० कैदी घेऊन पोर्ट ब्लेअरला उतरला. ही आगबोट कंपनीच्या ज्या नौदलाची, त्याचे मुख्य ठाणे मुंबईत होते. ज्या नौदलाच्या जहाजांवर मरीन बटालियनचे शिपाई पहारा देत, त्याच नौदलाचे जहाज आता शिपायांना कैदी म्हणून वाहत होते.

पहिल्या तीन महिन्यांचा ताळेबंद वॉकरच्या अहवालात आहे. जूनपर्यंत आलेले कैदी ७७३. दवाखान्यात मेले ६४. पळून गेले आणि परत सापडले नाहीत असे १४०. पळताना पकडून फाशी दिलेले ८७. आत्महत्या एक. उरले ४८१. कैदी पळत होते, कारण त्यांच्या समजुतीने जंगलापलीकडे ब्रह्मदेश होता आणि ब्रह्मदेशचा राजा नोकरीला शिपाई ठेवील. नकाशा कोणी पाहिला नव्हता. जंगलापलीकडे पुन्हा समुद्रच होता.

त्या पळालेल्यांतल्या एकाची कहाणी तपशिलासह उरली आहे. दूधनाथ तिवारी, बंगाल फौजेच्या चौदाव्या पलटणीचा शिपाई, कैदी नंबर २७६. त्याच्या पलटणीने जुलै १८५७ मध्ये झेलमला उठाव केला होता. त्याला जन्मठेप झाली, एप्रिल १८५८ मध्ये तो अंदमानात उतरला आणि त्याच महिन्याच्या २३ तारखेला मोठ्या टोळीबरोबर पळाला. जंगलात खायला नाही, प्यायला नाही. अंदमानी लोकांनी टोळीवर बाणांचा वर्षाव केला. बरोबरचे मेले, जखमी दूधनाथ जिवंत सापडला आणि कशामुळे कोण जाणे, त्यांनी त्याला मारले नाही. डोके भादरून, अंगाला माती फासून तो त्यांच्यात राहू लागला. तंबाखू नाही, शिजवलेला दाणा नाही, अंगावर कपडा नाही. जानवे आणि सोवळे सांभाळणाऱ्या घरातला हा माणूस त्यांच्याबरोबर डुकराची शिकार खात वर्षभर किनाऱ्याकिनाऱ्याने फिरला. लिपा नावाच्या मुलीशी त्यांनी त्याचे लग्न लावले.

मे १८५९ मध्ये अंदमानी टोळ्या पोर्ट ब्लेअरमधल्या अ‍ॅबरडीनच्या वसाहतीवर चालून निघाल्या. जंगल तोडणाऱ्यांना हुसकावून लावायचा त्यांचा निर्धार होता. दूधनाथ निसटला आणि त्याने वॉकरला आधीच खबर दिली. तोफा-बंदुका सज्ज राहिल्या, हल्ला फसला. दूधनाथला १८६० मध्ये माफी मिळाली आणि तो मायदेशी परतला. लिपा मागेच राहिली, ती गरोदर होती. ज्यांनी त्याला जगवले त्यांच्याविरुद्ध खबर देणे, ही त्याच्या परतीच्या तिकिटाची किंमत होती. त्याने ती चुकती केली. त्याला नावे ठेवणे सोपे आहे. पण टापूवर आलेल्या बाकीच्यांसमोर कोणता भाव ठेवलेला होता, हेही पाहायला हवे.

तो भाव असा. निमूटपणे वर्षे काढली तर बेडी निघे. मग कैद्यांतूनच टिंडाल आणि जमादार नेमले जात. पलटणीत कवायत शिकलेला माणूस इथेही रांगा लावायला उपयोगी पडे. आणखी काही वर्षांनी तिकीट, म्हणजे टापूवर मोकळे राहण्याचा परवाना, मिळे. मग स्वतःची जमीन कसायची, गाय पाळायची, कैदी बायकांपैकी कोणाशी लग्न करायचे. जात, प्रांत, भाषा यांची भिंत तिथे टिकली नाही, कारण ती टिकवायला लागणारी माणसेच नव्हती. त्यांची मुले आपसांत हिंदुस्थानी बोलू लागली आणि पोर्ट ब्लेअरमध्ये त्यांचे वंशज आजही आहेत. सेल्युलर जेल उभे राहिले ते बरेच नंतर, १९०६ मध्ये. शिपायांच्या पिढीने पाहिलेला टापू भिंतींचा नव्हता. कुऱ्हाड, जळवा, हिवताप आणि चारी बाजूंना पाणी.

पणजी ते तिमोर

मुंबईच्या दक्षिणेला दुसरे राज्य होते, दुसरा समुद्रमार्ग होता आणि तसाच पेच होता.

१८९५ मध्ये पोर्तुगीजांना मोझांबिकमध्ये गाझा राज्याचा राजा गुंगुन्याना याच्याशी लढायला माणसे हवी होती. गोव्यातल्या मराठा शिपायांना आफ्रिकेला निघायचा हुकूम झाला. शिपायांनी मागणी केली की आम्ही जातो, पण मागे राहणाऱ्या घरच्यांसाठी भत्ता बांधून द्या. सरकारने ती फेटाळली. सप्टेंबर १८९५ च्या मध्याला एका रात्री शिपायांनी शस्त्रे घेतली, पणजी सोडली आणि सत्तरीतल्या नाणूसच्या किल्ल्याची वाट धरली.

सत्तरीच का? कारण सत्तरी राण्यांची. सांखळी-सत्तरीचे राणे सरदेसाई पिढ्यान् पिढ्या पोर्तुगीजांशी भांडत आले होते. १८५२ मध्ये दीपाजी राण्यांनी याच नाणूसवरून तीन वर्षे सरकारला झुंजवले होते. १८६९ पासून दोन वर्षे कुष्टोबा राण्यांनी जंगल पेटते ठेवले होते. शिपायांचे भांडण भत्त्याचे, राण्यांचे हक्कांचे आणि सारावाढीचे. नाणूसवर दोन्ही एकत्र आले आणि दादा राणे अडवईकर पुढे झाले. पोर्तुगालच्या राजाचा धाकटा भाऊ आफोंसु फौज घेऊन गोव्यात उतरला. सत्तरीच्या रानात ती फौज थकली. माफीची बोलणी, तहाचे कागद, पुन्हा अटका असे चालत राहिले आणि अखेर दादा राणे व त्यांच्या साथीदारांना तिमोरला हद्दपार करण्यात आले.

तिमोर म्हणजे इंडोनेशियाच्या बेटांच्या माळेतले, ऑस्ट्रेलियाच्या अंगाला असलेले बेट. पश्चिमेला आफ्रिकेत जायला नकार दिल्याने सुरू झालेले प्रकरण पूर्वेला तिमोरात संपले. आणि ज्या गुंगुन्यानाशी लढायला या शिपायांना नेणार होते त्याचे काय झाले? २८ डिसेंबर १८९५ रोजी पोर्तुगीजांनी त्याला शायमितीत पकडले, लिस्बनला नेऊन लोकांना दाखवले आणि अटलांटिक महासागरातल्या अझोर्स बेटांवर धाडले. तो तिथेच १९०६ मध्ये वारला. दादा राणे आणि गुंगुन्याना यांनी एकमेकांचे नावही ऐकले असण्याचे कारण नाही. एकाच सरकारने काही महिन्यांच्या अंतराने एकाच झगड्याची दोन टोके दोन महासागरांत टाकली.

शेवटचे हुकूम

पहिले महायुद्ध सुरू झाले तेव्हा मुंबई बंदर पुन्हा शिपायांनी भरले. नोव्हेंबर १९१४ मध्ये मुंबईतच १३० व्या बलुची पलटणीतल्या एका पठाण शिपायाने आपल्या इंग्रज अधिकाऱ्याला ठार केले. पलटण रंगूनला पाठवली. तिथे जानेवारी १९१५ मध्ये तिने लढाईवर जायला नकार दिला. सुमारे २०० जणांवर कोर्ट मार्शल झाले. पुढच्याच महिन्यात सिंगापुरात पाचवी लाइट इन्फन्ट्री उठली. पलटणीला नेमके कुठे नेणार, हाँगकाँगला की तुर्कांशी लढायला, याच्या अफवा बराकीत फिरत होत्या आणि खरे सांगायला कोणी पुढे येत नव्हते. ४७ जणांना भिंतीपाशी उभे करून जाहीरपणे गोळ्या घातल्या, इतर अनेकांना काळे पाणी किंवा लांब मुदतीच्या शिक्षा झाल्या.

जपानी अंमलानंतर इंग्रज १९४५ मध्ये अंदमानात परतले आणि त्यांनी कैद्यांची वसाहत बंद करून टाकली. शिक्षा मात्र कायद्यात राहिली. स्वतंत्र भारताच्या संसदेने १९५० मध्ये नवा सैन्य कायदा केला. त्यात कोर्ट मार्शलला देता येणाऱ्या शिक्षांची यादी ७१ व्या कलमात आहे, आणि फाशीच्या खालोखाल त्या यादीत काळे पाणी होते: जन्मभर, किंवा सात वर्षांहून कमी नाही अशा मुदतीचे. शिपायाला धाडायला टापू उरला नव्हता, तरी धाडण्याची तरतूद होती. १९५५ च्या २६ क्रमांकाच्या दुरुस्ती कायद्याने दंडसंहितेतली काळ्या पाण्याची शिक्षा काढून तिच्या जागी जन्मभराचा तुरुंगवास आणला. इतर कायद्यांत जिथे जिथे जन्मभराचे काळे पाणी म्हटले असेल तिथेही तसेच वाचावे, असे त्यात सांगितले. ही दुरुस्ती १ जानेवारी १९५६ रोजी अमलात आली, आणि तेव्हापासून भारतीय शिपाई समुद्रापार गेला तो फक्त हुकमाने, भत्त्यासह आणि परतीची तारीख घेऊन.